मूठभर कोंडा

सगुणा कोंडूची —

हे वाक्य इथंच थांबतं. पिंपळे सौदागरात ते कुणी पुढं नेत नसे. कुणा नव्या सुनेनं अजाणता नेलंच, तर शेजारची भागूबाई चुलीतलं लाकूड उपसून दारात यायची. "जीभ आवर गं. पोर माझं हाय. मोल मोजून घेतलंय मी."

मोल म्हणजे मूठभर कोंडा.

सगुणाची पहिली मुलगी नाव ठेवायच्या आधी गेली. दुसरा मुलगा रांगायला लागला, उंबऱ्यापर्यंत आला आणि गेला. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा भागूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "ह्याला ठिवायचा का ह्योबी द्यायचा?"

"काकू, असं काय बोलताय?"

"मग मला ईक."

भागूबाईला सात लेकरं, आणि सातही जगली. गोवर आला, देवी आल्या, पटकी आली. सगळं भागूबाईच्या दारावरून पुढं गेलं, आत आलं नाही. त्यामुळं ज्यांची लेकरं टिकत नसत त्या बायका भागूबाईकडं अशा बघायच्या, जशी माणसं आटलेल्या विहिरीशी उभं राहून दुसऱ्याच्या भरल्या विहिरीकडं बघतात.

बाराव्या दिवशी सगुणानं बाळाला सुपात घातलं आणि सूप उंबऱ्यावर ठेवलं. भागूबाई रस्त्यानं आली. पदर कपाळावर ओढलेला, जणू परक्या गावची बाई बाजाराला निघाली आहे.

"काय ईकायला हाय गं बाई?"

"पोर हाय."

"लईच काळंबेंद्रं दिसतंय. काय घेशील?"

"कोंडा."

"मूठभर दीन. जास्ती न्हाई परवडत."

"द्या."

भागूबाईनं सगुणाच्या पदरात मूठभर कोंडा टाकला. सूप उचललं. घराला वळसा घातला, परसदारानं आत आली आणि बाळ पुन्हा सगुणाच्याच मांडीवर ठेवलं. "ह्ये माझं पोर. तुझ्याकडं सांभाळायला ठिवते. दूध पाज, न्हाऊ घाल, पर आपलं म्हणू नगंस. न्यायला जे येतं ना, त्याला कळाया नगं की ह्ये तुझं हाय. ते तुझ्या पाळतीवर हाय, माझ्या न्हाई."

कोंड्याला घेतला म्हणून नाव कोंडाजी. पाचवं वर्ष सरलं की चैत्रात भैरोबाच्या यात्रेला त्याला सोडवायचा होता. देवळापुढं गुळानं तोलायचा, भागूबाईला लुगडं-चोळी करायची आणि तिच्या हातून परत घ्यायचा. मग तो शब्द मोकळा होणार होता.

तोवर कोंडूनं भागूबाईला आई म्हणायचं, आणि सगुणाला, धाकटा दीर ज्योतीराम म्हणायचा तसं, वैनी.

*

सगुणा कोंडूची — सगुणा कोंडूची भाकरी कुस्करून द्यायची. दूध थोडं, गूळ जास्त. सगुणा कोंडूची टाळू दाबायची. सगुणा कोंडूची झोप राखायची. वाक्याला वळण देऊन ते कुठंही नेता येत होतं, फक्त एका ठिकाणी नेता येत नव्हतं.

त्याला झोपताना मूठ रिकामी चालत नसे. तो सगुणाच्या चोळीची गाठ धरून झोपायचा. गाठ सुटायची, सगुणा पुन्हा बांधायची, तो झोपेतच पुन्हा चाचपून धरायचा.

दिवसा मात्र गावाला तो पुरून उरायचा.

"भागूकाकू, तुमच्या पोरानं माझ्या हंड्यात बेडूक सोडला!" विमलबाई ओला हंडा काखेत घेऊनच भांडायला आली होती.

"मूठभर कोंड्यात आणि कसलं पोर मिळणार, बाई?" भागूबाई म्हणाली. "मी तवाच म्हणलं हुतं, माल खराब हाय."

"मग सगुणेला सांगू का?"

"तिला काय सांगतीस? ती मोलकरीण."

सगळ्या बायका हसल्या. सगुणाही तोंडात पदर घालून हसली. मग कोंडूचा कान धरून त्याला घरात ओढत नेलं. "भागूकाकूच्या पोरा, का रं सोडला बेडूक?"

"वैनी, त्येला तहान लागली हुती."

तेव्हा तिला असं काही भरून आलं, की ती दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरून म्हणणारच होती, माझ्या —

तिनं जीभ चावली. खरोखर चावली. तोंडात रक्ताची चव आली.

*

कोंडूचा बाप गेनू. बापाला या सौद्यात बंदी नव्हती, आणि गेनू फार बोलणारा नव्हताच. होडीनं पवना ओलांडून तो पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात जायचा आणि दिवसभर शिशा धुवायचा. छोट्या छोट्या काचेच्या शिशा. घरी आला की त्याच्या बोटांची कातडी सुरकुतलेली असायची. कोंडू ती बोटं उघडून बघायचा आणि म्हणायचा, "दादा म्हातारा झाला, पर हातापुरताच."

एक दिवस गेनू बातमी घेऊन आला. पुण्यात बागेत लहान पोरांसाठी आगगाडी केली आहे. लहानच डबे, लहानच रूळ. कारखान्यातले कारकून लेकरं घेऊन जाऊन आले.

"इंजान खरं?" कोंडूनं विचारलं.

"खरं."

"धूर?"

"त्ये न्हाई ठाव."

"जाऊन बघू."

"बघू. रयवारी."

त्या दिवसापासून कोंडूनं घरातल्या सुपाला सुतळी बांधली आणि ते अंगणभर ओढत सुटला. सुपात कधी मांजर, कधी भागूबाईचा नातू. भागूबाई ओरडली, "ए कोंड्या, त्याच सुपात तुला घेतलाय, फाडू नगंस!" कोंडू थांबला. सुपाकडं बघितलं. "मी ह्यात मावत हुतो?"

"मावत हुतास. आता लई झालास."

त्यानं पाय मुडपून सुपात बसून बघितलं. मावला नाही.

*

रविवारच्या आधीच त्यानं भाकरी पुढून सारली. "वैनी, घास टोचतो."

सगुणानं हळद घालून दूध दिलं. ते नाकातून परत आलं. मान सुजल्यासारखी दिसायला लागली, आणि आवाज असा झाला, की कुणी त्याचं नाक चिमटीत धरून त्याच्याकडून बोलवून घेतंय.

"पडजीभ पडली असंल," भागूबाई म्हणाली. बोटाला मीठ लावून तिनं त्याच्या घशात बोट घातलं. तिच्या सातांपैकी प्रत्येकाची पडजीभ तिनं अशीच उचलली होती. बोट बाहेर आलं त्याला रक्त होतं, आणि एक वास. भागूबाई त्या बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "गेनूला बलीव. ह्ये माझ्या हातचं न्हाई."

पिंपरीच्या कॅम्पात, निर्वासितांच्या बराकीतल्या एका खोलीत, एक सिंधी डॉक्टर बसायचा. त्यानं कोंडूची जीभ चमच्यानं दाबली, बॅटरी मारली आणि लगेच विझवली.

"गेनू, इधर आ. देख." पुन्हा बॅटरी लावली. घशात दोन्ही बाजूंना राखट पांढरं कातडं धरलं होतं. "घटसर्प बोलते हैं तुम लोग. अभी पूना ले जाओ. अभी. घर भी मत जाना."

कारखान्याची गाडी सामान आणायला पुण्याला निघत होती. गेनूनं ड्रायव्हरला हात जोडले. मागं मोकळ्या खोक्यांमध्ये सगुणा बसली, मांडीवर कोंडू. भागूबाई गाठोडं घेऊन चढली. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. "माझं पोर हाय," एवढंच ती म्हणाली.

गाडी हलली तसं कोंडूनं डोळे उघडले.

"वैनी. रयवार?"

"व्हय," सगुणा म्हणाली. वार मंगळवार होता.

"इंजान?"

"व्हय रं. पड आता."

*

साथीच्या रोगांचा दवाखाना गावाबाहेर होता. बैठ्या लांब खोल्या, पुढं वऱ्हांडा. पांढऱ्या टोपीतल्या नर्सनं डॉक्टरची चिठ्ठी वाचली आणि कोंडूला गेनूच्या हातातून घेऊन खाटेवर ठेवलं. सगुणाही वाकली, कारण तिची गाठ कोंडूच्या मुठीत होती.

"एकच बाई आत राहील. फक्त आई. एकदा राहिली की मूल बरं होईपर्यंत बाहेर जायचं नाही. रोग बाहेर न्यायचा नाही," नर्स म्हणाली. "आई कोण तुमच्यातली?"

गेनूनं सगुणाकडं बघितलं.

सगुणानं फरशीकडं बघितलं.

भागूबाई तिच्या कानाशी आली. "सांग गं. जा आत. मी सांगते तुला, बोल. हितं कोण ऐकतंय?"

"हितंच तर ऐकतंय, काकू," सगुणा म्हणाली.

खरंच होतं ते. वऱ्हांड्याच्या टोकाला एक बाई भिंतीला डोकं टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर नुसतं पांघरूण होतं, घडी केलेलं. जे न्यायला येतं ते इथंच येत होतं. ते याच वऱ्हांड्यात हिंडत होतं. सगुणाच्या घराचा पत्ता त्याला माहीत होता, दोनदा येऊन गेलं होतं ते. इथं तोंड उघडायचं? चैत्र इतका जवळ आल्यावर?

"ह्या आई त्याच्या," सगुणानं भागूबाईकडं बोट केलं.

नर्सनं भागूबाईचे पिकलेले केस बघितले. "या वयात?"

"सात झाली बाई. ह्ये आठवं," भागूबाई म्हणाली. "देव देतो, तर आपुन नगं म्हणायचं व्हय?"

गेनू म्हणाला, "अगं, पर —"

"अवं, गप ऱ्हावा," सगुणा म्हणाली. कोंडूच्या मुठीतून गाठ सुटेना. तिनं त्याचं एकेक बोट उघडलं.

"वैनी!" तो त्या चिमटलेल्या आवाजात ओरडला. "वैनी! वैनी!"

"अरे बाळा, असं काय करतोस?" नर्स म्हणाली. "आई आहे ना तुझ्याजवळ."

*

सगुणा कोंडूची —

वाट बघत होती. मागच्या बाजूला नातेवाइकांसाठी पत्र्याची शेड होती. तीन दगडांवर भाकरी करायची, तिथंच पडायचं. वॉर्डाच्या मागच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या होत्या, आणि दुपारी जेवणं झाली की शिपाई बघून न बघितल्यासारखं करायचा. तेव्हा खिडकीशी उभं राहता यायचं. मुलाला दिसायचं नाही असं उभं राहायचं, म्हणजे तो रडत नाही. तिथल्या बायकांनी तिला तसं शिकवलं होतं.

पहिल्या दुपारी तिला भागूबाईची पाठच दिसली.

दुसऱ्या दुपारी कोंडूचे पाय दिसले. झोपेत त्याचा हात भागूबाईच्या चोळीवर गेला, गाठ चाचपली. भागूबाईची गाठ मोठी, जुन्या लुगड्याच्या चिंधीची. त्यानं ती सोडून दिली. हात तसाच हवेत राहिला, मग खाली आला.

गेनू पाळी संपली की दापोडीपर्यंत चालत येऊन गाडी धरायचा. एकदा खिडकीतून बघता बघता त्यानं सगुणाचं मनगट घट्ट धरलं. "ती बघ. नर्सच्या हातात. ती आमची शिशी हाय."

"कशावरनं?"

"आगं, वळखतो मी. त्या बुडाच्या शिशा मीच धुतो." मग शिपायाला जाऊन सांगितलं. मग शेडमधल्या सगळ्यांना. एवढं बोलताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. "मी धुतलेली शिशी. माझ्याच पोराला." शेडमधल्या बायांनी सगुणाकडं बघितलं. सगुणा भाकरी उलटत राहिली.

"पोर कुणाचं म्हणायचं?" एका बाईनं विचारलं.

"आमच्या शेजारच्यांचं पोर हाय," सगुणाच बोलली. "आमी संगं आलोय."

त्या बाईनं एकदा गेनूकडं बघितलं. शेडमध्ये लोक काहीही बोलत. कुणी फार विचारत नसे.

आणि कोंडू सुधारायला लागला. मानेची सूज उतरली. एका दुपारी खिडकीआड उभं असताना सगुणाला त्याचा आवाज ऐकू आला. तो चिमटलेला नव्हता. त्याचा होता. तो भागूबाईला म्हणत होता, "आये, त्या पोराचं भांडं सांडलं. मी न्हाई सांडलं."

सगुणा भिंतीला टेकून खाली बसली. हे आपण केलं, असं तिला वाटलं. औषधानं केलं, डॉक्टरनं केलं, गेनूच्या शिशीनं केलं, आणि आपण केलं. आपण बोललो नाही. ते वऱ्हांड्यात हिंडत असेल, खाटाखाटांशी वाकून बघत असेल, इथं सगुणाचं कुणी आहे का. आणि नसेल सापडलं.

*

डॉक्टर सकाळी फेरीला आला. कोंडूच्या घशात बघितलं, नाडी बघितली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग खुर्ची ओढून भागूबाईसमोर बसला. तरुण होता, आणि नीट समजावून सांगणारा होता.

"हे बघा आई, गळा मोकळा झालाय. पण अजून जपायला पाहिजे. हा आजार जाता जाता काळजाला धरतो. तेव्हा त्याला उठवायचं नाही. बसवायचंसुद्धा नाही. तो बरा दिसेल, खेळायला मागेल, हट्ट करील. तरी पडूनच. कळलं का?"

"हागायामुतायाला?"

"तेही पडूनच. भांडं देतील."

"बरं."

"हसवा, गोष्टी सांगा, पण उठू देऊ नका."

"न्हाई देत," भागूबाई म्हणाली.

हे त्यानं आईला सांगितलं. असल्या गोष्टी आईलाच सांगायच्या असतात.

*

शेडमध्ये गेनू आला तो धावतच. वॉर्डातल्या झाडूवाल्यानं त्याला बाहेर गाठून सांगितलं होतं. "गळा मोकळा झाला! डॉक्टर म्हणला. सवताच्या तोंडानं म्हणला!"

सगुणानं हातातलं पीठ झाडलं नाही. तशीच गेली.

दुपार होती. शिपाई जेवायला गेला होता. त्या खिडकीशी दुसरं कुणी नव्हतं. भागूबाई खाटेजवळ नव्हती, ती वऱ्हांड्याच्या नळावर कोंडूचं भांडं धूत होती. कोंडू छतावरच्या पालीकडं बघत पडला होता. सगुणा आज आडोशाला उभी राहिली नाही. खिडकीत पुढं आली. पीठ लागलेली बोटं जाळीत अडकवली.

त्यानं बघितलं.

"वैनी."

"काय रं."

"ही पाल कवाधरनं हाय. माशीच धरीना."

"तिला भूक नसंल."

"रयवार कवा हाय?"

सगुणानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ऊन पडलं होतं. लांब कुणीतरी बादली आपटत होतं. वऱ्हांड्यात नळावरच्या भागूबाईशिवाय कुणी नव्हतं. संकट टळलं होतं, डॉक्टर म्हणाला होता, सवताच्या तोंडानं. चैत्र काय, आलाच. इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेला शब्द, जीभ चावून धरलेला, तो आता जड होऊन आपोआप बाहेर आला.

"कोंडू, आज रयवार. चल, इंजान बघायला जायाचं. आई नील तुला."

"आई भांडं धुती."

"ती न्हाई रं. मी. तुझी आई मी हाय."

कोंडूला तो विनोद वाटला. तो हसला. "तू वैनी!"

"मी आई. ये."

तो हसत हसत उठून बसला. पाय खाली सोडले. फरशी गार लागली तसं "हूं" केलं. आणि खिडकीकडं आला. खिडकी त्याच्या डोक्याच्या वर होती, म्हणून त्यानं हात वर केले. त्याची बोटं जाळीला लागली. सगुणाच्या बोटांवरचं पीठ त्याच्या बोटांना लागलं.

मग त्याची बोटं खाली गेली.

*

कोंडू का उठला?

डॉक्टर म्हणाला, मुलं असं करतात. बरं वाटलं की उठतात, आणि काळीज दगा देतं. "मी तुम्हाला सांगितलं होतं, आई," तो म्हणाला. चिडून नाही. त्याच्या हातातली नळी लोंबत होती. "बसवायचंसुद्धा नाही, असं सांगितलं होतं ना?"

कोंडू का उठला? गेनूला वाटलं, औषध कमी पडलं असेल. आपण शिशी नीट धुतली नसेल. बुडाशी काही राहिलं असेल. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. नुसती आपली बोटं उघडमीट करत राहिला.

भागूबाई नळावरून धावत आली होती तेव्हा खिडकीत सगुणाचा चेहरा होता, आणि जाळीच्या आतल्या बाजूला बोटांएवढे पिठाचे डाग. भागूबाईनं ते बघितलं. डॉक्टर येईपर्यंत तिनं पदरानं जाळी पुसून काढली. आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा म्हणाली, "डोळा लागला माझा. माझ्या डोळ्यादेखत उठला आन् मला कळलं न्हाई. आई कसली मी."

सगुणा बाहेर, खिडकीखाली मातीत बसली होती. डॉक्टरचं बोलणं तिला तिथं ऐकू आलं. बसवायचंसुद्धा नाही. ते तिनं आत्ता ऐकलं, पहिल्यांदा.

कोंडू का उठला?

मी बोलले म्हणून. ते वऱ्हांड्यात नव्हतं, खिडकीत होतं, माझ्या शेजारी. मी बोलले आणि त्याला पत्ता लागला.

किंवा, मी बोलले नाही म्हणून. त्या दिवशी बोलले असते तर मी आत असते. डॉक्टरनं मला सांगितलं असतं. मी त्याला हलू दिलं नसतं. माझी गाठ त्याच्या मुठीत असती.

ती एका कारणावरून दुसऱ्यावर जात राहिली आणि परत येत राहिली. दोन्हीकडून तिचंच दार लागत होतं.

*

नर्सनं मूल भागूबाईच्या हातात दिलं, कारण ती आई होती. भागूबाईनं गाठोड्यातलं धुतलेलं लुगडं काढून त्यात त्याला गुंडाळलं आणि बाहेर आणलं.

गेनूनं तांगा आणला होता. नदीपलीकडं औंधावरून पिंपळ्यापर्यंत यायला कुणी तयार नव्हतं, हा एक म्हातारा तयार झाला होता. घोड्याच्या तोंडाला तोबरा बांधलेला होता आणि घोडा मान हलवत खात होता.

"कुणाचं पोर?" तांगेवाल्यानं हळू आवाजात विचारलं.

गेनूनं आधी भागूबाईकडं बघितलं, मग सगुणाकडं.

भागूबाई सगुणासमोर उभी राहिली. "घे," ती म्हणाली. "घे गं सगुणे. आता काय ऱ्हायलंय. घे तुझं."

सगुणानं हात मागं घेतले. "असं न्हाई."

"मग कसं?"

"असं घेतलं तर त्यो तुमचाच ऱ्हाईल. तुमचा म्हणून पुरतील."

"आगं, मला कायबी नगं तुझं. ना गूळ, ना लुगडं —"

सगुणा घोड्याकडं वळली. "बाबा, ह्या तोबऱ्यात काय हाय?"

तांगेवाला गोंधळला. "चंदी. कोंडा हाय आन् मूठभर हरभरं."

"कोंडा देशीला? मूठभर?"

त्यानं काही विचारलं नाही. तोबरा सोडला, पुढं धरला. घोड्यानं मान वळवून बघितलं. सगुणानं आत हात घातला. हरभरे बोटांनी बाजूला केले आणि कोंडा मुठीत घेतला. तो घोड्याच्या लाळेनं ओलसर, कोमट झाला होता.

ती दोन पावलं मागं गेली आणि पुन्हा पुढं आली, रस्त्यानं येणाऱ्या परक्या बाईसारखी. पदर कपाळावर ओढला.

"काय ईकायला हाय गं बाई?"

भागूबाईनं मूल छातीशी घट्ट धरलं. गेनूनं तोंड फिरवलं.

"काय ईकायला हाय?" सगुणानं पुन्हा विचारलं.

"पोर हाय," भागूबाई म्हणाली.

"काय घेशील?"

"कोंडा."

"मूठभर दीन."

"दे," भागूबाई म्हणाली. "दे, माझ्या बाई."

तिच्या दोन्ही हातांत मूल होतं. सगुणानं तिचा पदर पुढं ओढला, त्यात कोंडा घातला आणि स्वतःच गाठ मारली. मग मूल घेतलं. घराला वळसा घालायचा असतो. घर इथं नव्हतं, म्हणून तिनं तांग्याला वळसा घातला, घोड्याच्या पुढून, आणि दुसऱ्या बाजूनं चढून बसली.

सगुणा कोंडूची आई.

तिनं त्याला मांडीवर घेतलं. लुगड्यातून त्याचा हात बाहेर काढला. बोटांच्या टोकांना अजून पीठ होतं. चोळीची गाठ तिनं त्याच्या मुठीत दिली. मूठ मिटेना. तांगा हलला तेव्हा तिनं त्या मुठीवर आपली मूठ मिटली आणि गावापर्यंत तशीच धरून ठेवली.